राधानगरीची राधा

जुलै लागला की कोल्हापुरात सगळ्यांचे कान दोनच गोष्टींकडे असतात. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं, आणि राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले का. एकोणचाळीस फूट म्हणजे इशारा, त्रेचाळीस म्हणजे धोका, हे इथल्या पोरालासुद्धा पाढ्यासारखं पाठ असतं. गेल्या पावसाळ्यात माझी नात दोन दिवसांसाठी पुण्याहून आली होती. नववीत आहे. रात्री शेजारच्या गॅलरीतून हाक आली, "काकी, राधानगरीचा सहा नंबर सुटला बघा!" मी सवयीनं म्हटलं, म्हणजे चौदाशे अठ्ठावीस क्युसेक. नात पुस्तकातून मान वर काढून म्हणाली, "आजी, राधानगरी म्हणजे कृष्णाची राधा का गं? तिथं तिचं देऊळ आहे?"

सत्तरी ओलांडलेल्या माझ्यासारख्या कोल्हापूरकरणीला हा प्रश्न टोचला. तिची चूक नव्हती. मीच इतकी वर्षं दर पावसाळ्यात ते नाव घेत आले आणि त्या नावातल्या बाईविषयी घरात एक शब्द बोलले नव्हते. माझ्या आजीनं मला सांगितलं होतं. मी ते पुढं दिलं नाही.

म्हणून त्या रात्री पावसाच्या आवाजात तिला सांगायला बसले. ही राधा गोकुळातली नव्हे, कोल्हापूरची. राजर्षी शाहू महाराजांची थोरली लेक, राधाबाई. १८९४ साली जन्मली. घरात त्यांना अक्कासाहेब म्हणत, आणि पुढे सगळं कोल्हापूर त्यांना अक्कासाहेब महाराज म्हणू लागलं. आमच्याकडे राजघराण्यातल्या बाईलाही 'महाराज' म्हणतात, यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. १९०८ साली त्यांचं लग्न झालं, देवासच्या थोरल्या पातीचे राजे तुकोजीराव पवार यांच्याशी. त्याच वर्षी महाराजांनी भोगावतीच्या काठी, दाट रानाच्या तोंडाशी नवी पेठ वसवायला घेतली आणि तिला लेकीचं नाव दिलं. लग्नात त्या जेमतेम चौदा वर्षांच्या होत्या.

"म्हणजे माझ्याएवढ्या," नात म्हणाली, आणि बराच वेळ काही बोलली नाही.

माझी आजी १९०५च्या आसपासची. तिनं शाहू महाराजांचे चिरंजीव, अक्कासाहेबांचे भाऊ राजाराम महाराज यांच्या काळातला दसरा पाहिला होता. हत्ती, घोडे, पालखी, दसरा चौकातलं शमीपूजन, सोनं लुटायला उसळलेली गर्दी, हे सगळं ती हातवारे करून सांगायची. पण राण्यांचं सांगताना तिचा आवाज खाली यायचा. राण्या दिसत नसत. गोषा असे. त्यांच्या गाडीला पडदे असत, बसायच्या जागेपुढं चिकाचे पडदे असत. "मी सांगतो ऐक," आजी म्हणायची, कारण आमच्या कोल्हापूरच्या जुन्या बायका 'सांगतो, जातो, येतो' असंच बोलायच्या, "पडदा नुसता हलला तरी बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. हात दिसला म्हणायच्या. बांगड्या दिसल्या म्हणायच्या."

इतकंच दर्शन. पण नाव मात्र आजीच्या तोंडून कधी अर्धं आलं नाही. लक्ष्मीबाई राणीसाहेब. अक्कासाहेब महाराज. इंदुमती राणीसाहेब. राजाराम महाराजांच्या ताराबाई राणीसाहेब. भोगावतीला पाणी चढलं की ती म्हणायची, "अक्कासाहेबांच्या गावात पाऊस लागलाय." तिच्या लेखी राधानगरी ही माहेरवाशिणीची जागा होती, आणि त्या गावचा पाऊस म्हणजे तिची खुशाली.

त्या माहेरवाशिणीचं आयुष्य सोपं गेलं नाही. देवासची राणी म्हणून त्या गेल्या, १९१० साली मुलगा झाला, विक्रमसिंह. पण पती-पत्नींचं जमलं नाही आणि त्या कोल्हापुरी परतल्या. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे तुकोजीरावांचे मित्र. १९२१मध्ये ते देवासला महाराजांचे चिटणीस म्हणून राहिले, आणि १९५३ साली त्यांनी तिथल्या आठवणींचं 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक छापलं. जगाला देवासची ती कहाणी ठाऊक झाली ती एका मित्राच्या मायेतून, महाराजांच्या बाजूनं. कोल्हापूरला परतलेल्या राणीनं तिची बाजू अशी पुस्तकात मांडली नाही. तिनं इथं येऊन काम केलं.

आणि काम कसलं? सिनेमाचं! १९३०च्या दशकात कोल्हापूर म्हणजे मराठी चित्रपटाचं गाव होतं. राजाराम महाराजांनी कोल्हापूर सिनेटोन उभं केलं, तसं अक्कासाहेबांनी शालिनी सिनेटोन. नाव दिलं नातीचं, शालिनीराजेंचं. तिथंच बाबूराव पेंटरांनी 'उषा' केला, पुढं १९३६ साली बोलका 'सावकारी पाश' केला. सावकाराच्या कर्जात बुडणारा शेतकरी पडद्यावर दाखवणारा तो चित्रपट ज्या स्टुडिओत घडला, तो एका राणीनं काढलेला होता. ज्या काळात बऱ्या घरच्या बाईनं सिनेमाचं नाव काढलं तरी भुवया उंचावायच्या, त्या काळातली ही गोष्ट. आजी सांगायची तेव्हा मला तिचं विशेष वाटायचं नाही. आज वाटतं. गोषाच्या घरात वाढलेल्या बाईनं दुसऱ्या एका पडद्याला हात घातला होता.

पुढचं तर कादंबरीत शोभेल असं आहे. राजाराम महाराज १९४० साली गेले. त्यांच्यामागं गादीवर आलेलं दत्तक बाळ १९४६मध्ये दगावलं. मग १९४७ साली देवासचे राजे विक्रमसिंह कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि छत्रपती शहाजी महाराज झाले. अक्कासाहेब ज्या घरातून सासरी गेल्या, त्याच घरचा धनी त्यांचा मुलगा झाला. पण दत्तकाच्या शास्त्रानं मुलगा भावाच्या घरचा झाला, म्हणजे जन्म देणारी आई नात्यानं आत्या झाली. आजी हे सांगताना दर वेळी थांबायची. "आईची आत्या झाली गं," एवढंच म्हणायची आणि पदर डोळ्यांना लावायची. लहानपणी मला त्यात रडण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही.

राधानगरीच्या धरणालाही एक नाव आहे, आणि तेही आम्ही घेत नाही. त्या जलाशयाचं नाव महाराणी लक्ष्मीबाई तलाव. लेकीच्या नावाचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर आईच्या नावाचं पाणी. लक्ष्मीबाई या शाहू महाराजांच्या पत्नी, बडोद्याच्या गुणाजीराव खानविलकरांच्या कन्या. १ एप्रिल १८९१ रोजी लग्न झालं तेव्हा महाराज सोळा वर्षांचे होते, त्या तर त्यांच्याहून लहान. गादीचे अधिकार महाराजांना मिळाले १८९४ साली. म्हणजे शाहू महाराजांचा सगळा कारभार, वेदोक्ताचा झगडा, १९०२चं पन्नास टक्के राखीव जागांचं फर्मान, वसतिगृहं, १९१७चा सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा, हे सगळं त्या घरातून पाहत होत्या. महाराजांवर जेव्हा गावोगावच्या छापखान्यांतून आग ओकली जात होती, तेव्हा त्या घरात चूल, सण, मुलं आणि माणसं सांभाळणारी बाई कोण होती, हा प्रश्न आम्ही कुणी विचारत नाही. महाराजांच्या चरित्रांत त्या अधूनमधून येतात. तलावात मात्र त्या बारा महिने आहेत. आठ पूर्णांक छत्तीस टीएमसी पाणी, सात स्वयंचलित दरवाजे, ते पाणी भोगावतीनं खाली येतं, बालिंग्याला उपसलं जातं आणि आमच्या नळाला येतं. करवीर-राधानगरीचा ऊस त्याच पाण्यावर उभा आहे. महाराजांच्या हयातीत धरण पुरं झालं नाही, काम मध्येच थांबलं. पुढच्या पिढ्यांनी ते तडीस नेलं. पण नाव तेच राहिलं, एका राणीचं.

आणि इंदुमती राणीसाहेबांचं सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. सासवडच्या जगतापांची लेक, १९०६ सालची. १९१७मध्ये महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी यांच्याशी लग्न झालं. वर्षभरात, १२ जून १९१८ रोजी, रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून राजपुत्र गेले. सून बारा वर्षांचीही नव्हती. त्या काळी अशा पोरीचं पुढचं आयुष्य कोणत्या खोलीत जायचं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. शाहू महाराजांनी तिला सोनतळीला नेलं, शिक्षक नेमले, सोबतीला निरनिराळ्या जातींच्या मुली ठेवल्या आणि शिकवायला सुरुवात केली. तिनं डॉक्टर व्हावं, दिल्लीला मेडिकलला जावं, असं त्यांच्या मनात होतं. घरातून विरोध झाला, तो त्यांनी मानला नाही. १९२२मध्ये महाराजच गेले आणि डॉक्टरकी राहिली. पण सून मॅट्रिक झाली, वाचत राहिली, आणि स्वातंत्र्यानंतर ललित विहारसारखी स्त्रियांची संस्था उभी करून बायकांना हाताला काम आणि डोक्याला शिक्षण देत राहिली. १९७१ साली त्या गेल्या तेव्हा मी कॉलेजात होते. आजीनं त्या दिवशी आमच्या घरात रेडिओ लावू दिला नाही.

राणीपण हे पद की नातं, असा प्रश्न मला नेहमी पडतो. मलेशियात आजही राजाच्या पत्नीला 'राजा परमैसुरी आगोंग' म्हणतात. तिथं नऊ घराण्यांचे राज्यकर्ते दर पाच वर्षांनी आपल्यातून एकाला राजा निवडतात, आणि त्याची राणी तेवढी वर्षं सगळ्या देशाची राणी असते. 'परमैसुरी' हा शब्द कानावर पडला तेव्हा मी दचकले. तो आपला 'परमेश्वरी' आहे, समुद्र ओलांडून गेलेला. तिथं राणीला पद आहे, मुदत आहे, राजचिन्ह आहे. आमच्याकडे १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि पद संपलं. नातं उरलं. 'राणीसाहेब' ही हाक कुणा सरकारनं दिलेली नव्हती, म्हणून ती काढूनही घेता आली नाही.

त्या हाकेचं बळ मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. १९६७ची निवडणूक. मी चौदा वर्षांची. माझं आजोळ हातकणंगले तालुक्यात. राजाराम महाराजांच्या राणी विजयमाला राणीसाहेब शेतकरी कामगार पक्षाकडून हातकणंगल्यातून लोकसभेला उभ्या होत्या. ज्या वाड्यात सुना पडद्याआड राहायच्या, त्या वाड्यातली सून मतं मागत होती, तीही लाल बावट्याच्या पक्षाकडून. मामी, मावशी, शेतावरच्या बायका, डोक्यावर पदर घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. निकाल लागला, राणीसाहेब दिल्लीला गेल्या. आजी त्या रात्री देवापुढं निरांजन लावून म्हणाली, "आता पडदा गेला बघ." तिनं कुणाच्या विजयाचा जयजयकार केला नाही. तेवढं एकच वाक्य.

आणि आता? आता पडदा नाही, हे सगळ्यांत मोठं सुख आहे, ते मी पहिल्यांदा म्हणते. कावळा नाक्यावर रवींद्र मेस्त्रींनी घडवलेला ताराराणींचा पुतळा आहे. मागच्या दोन पायांवर उधळलेला घोडा आणि त्यावर उघड्या चेहऱ्यानं, तलवार उगारलेली राणी. पंचविशीत नवरा गेला, मुलगा लहान, समोर औरंगजेब, आणि १७००पासून सात वर्षं जिनं मराठ्यांची झुंज तुटू दिली नाही, त्या ताराबाई. आमच्या गादीची सुरुवातच बाईनं केली. त्यांच्या पुतळ्याखालून रोज सकाळी शेकडो मुली स्कूटरवरून कॉलेजला, नोकरीला जातात. माझ्या आजीला पडद्यामागच्या बांगड्या दिसल्या तरी सण वाटायचा. माझी नात राजवाड्याच्या म्युझियममध्ये तिकीट काढून जाते, तसबिरींपुढं उभी राहते, कुणाच्या परवानगीशिवाय हवं ते विचारते. यातलं काहीही मला परत द्यायचं नाही.

पण एक गेलं. आजीच्या काळात चेहरा झाकलेला होता आणि नाव उघडं होतं. आमच्या काळात चेहरे तसबिरींतून, पुतळ्यांतून उघडे झाले आणि नावं झाकली. मी ज्या शाळेत शिकले तिचं नाव महाराणी लक्ष्मीबाई गर्ल्स हायस्कूल. दोन वेण्या, रिबिनी, पाठीवर दप्तर, आणि तोंडात 'एमएलजी'. सहा वर्षं मी एमएलजीत गेले आणि एकदाही मनात आलं नाही की ज्यांच्या नावाच्या तलावाचं पाणी आमच्या घरच्या हंड्यात आहे, त्यांच्याच नावाखाली मी रोज हजेरी देते. गावातल्या थोरल्या दवाखान्याचं नाव छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. शहाजी महाराजांच्या राणी त्या. तो झाला 'सीपीआर'. महाराणी ताराबाईंच्या नावाचं शिक्षकांचं कॉलेजही आद्याक्षरांत गेलं. रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस पुढं हॉटेल झाला, तेही बंद पडलं. शालिनी कोण, ते विचारणारं कुणी राहिलं नाही. पद्माराजे, उषाराजे, या तर आम्हाला शाळा म्हणूनच माहीत. चिकाच्या पडद्याआडून निदान हात दिसायचा. आद्याक्षरांच्या पडद्याआडून काहीच दिसत नाही.

घाईत नाव लहान होतं, हे मला कळतं. रुग्ण घेऊन धावणाऱ्यानं पूर्ण नाव घेत बसावं असं कोण म्हणेल? पण पुरुषांची नावं आम्ही अशी गिळली नाहीत. शाहूपुरी शाहूपुरीच राहिली, राजाराम कॉलेज राजाराम कॉलेजच, शिवाजी पेठेला कुणी अक्षरं लावली नाहीत. बायकांची नावं मात्र एकेक करून अक्षरांत विरघळली. राधानगरी तेवढी सलग उरली, आणि तिथं आम्ही राधेला गोकुळात पाठवून दिलं.

दिवाळीच्या सुट्टीत नात पुन्हा आली तेव्हा तिनंच हट्ट धरला, धरण बघायचं. गेलो. पाऊस सरला होता, दरवाजे मिटलेले, तलाव काठोकाठ. पलीकडं दाजीपूरच्या रानाची निळी रेघ. मी तिला म्हटलं, हे आईचं पाणी आणि ते खाली दिसतंय ते लेकीचं गाव. ती कठड्याला टेकून बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "आजी, चौदाव्या वर्षी सासरी पाठवलं आणि गावाला नाव दिलं. तिला काय हवं होतं, गाव की घर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजीच्या पदराचं कारण मात्र मला तिथं कळलं.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी माझ्या वहिनीला बघायला दवाखान्यात जायचं होतं. भवानी मंडपापाशी रिक्षा थांबवली. मी तोंड उघडायच्या आत नात म्हणाली, "छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात जायचंय."

रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं. "म्हंजे सीपीआरच की ओ ताई!"

"हो," ती म्हणाली, "पण त्यांचं नाव प्रमिलाराजे आहे."

तो क्षणभर थांबला. मग त्यानं मीटर टाकलं, गाडी वळवली, आणि हँडलवर हात ठेवून ते नाव एकदा पूर्ण, हळूच, स्वतःशीच म्हणून पाहिलं.